अळ्यांच्या वाट्याची पुडी

मित्रांनो, मी एक जुनी पुडी आहे. आसेगावच्या पुंजाजींच्या घरात, पत्र्याखालच्या लाकडावर मी अनेक वर्षे पडून होते. माझ्या पोटात साध्या कपाशीचे बी होते.

बीटी कपाशीच्या मोठ्या पिशवीत मला सोबतीला घालून विकले होते. त्या पिशवीतल्या बियाण्यात बोंडअळीला मारणारा गुण प्रयोगशाळेत घातलेला होता. माझ्यात तो नव्हता. मला शेताच्या कडेने पेरावे, म्हणजे थोड्या अळ्या माझ्या झाडांवर जगतील, असे सोबतच्या कागदावर छापले होते.

पुंजाजींची मुलगी सुकेशनी तेव्हा शाळेत जात होती. तिने तो कागद मोठ्याने वाचला. पुंजाजी हसले. "आता अळ्यायले पंगत बसवू का मी? आमंत्रन तू देजो." त्यांच्या पत्नी लिलाबाईही हसल्या आणि त्यांनी मला लाकडावर ठेवून दिले. कडेलाही बीटीच पेरली. गावात बहुतेकांनी तेच केले.

हेच पुंजाजी धुऱ्यालगत, म्हणजे शेताच्या बांधाला लागून, ज्वारीची एक ओळ दरवर्षी पाखरांसाठी राखत. ती कोणालाही कापू देत नसत.

सुरुवातीची वर्षे फार चांगली गेली. फवारणी कमी झाली, कापूस घरात मावेना. माझी आठवण कोणाला यावी? मग गुलाबी बोंडअळी आली. वरून हिरवेगार बोंड, आत किडका कापूस. पुंजाजींनी पुन्हा पंप पाठीवर घेतला. एकाने गुण येईना, म्हणून दोन औषधे मिसळून फवारू लागले. एका दुपारी लिलाबाईंना ते धुऱ्यावर बेशुद्ध सापडले. दवाखान्यातून ते परतले, पण हातांतला कंप गेला नाही.

यंदा पत्रे बदलताना मी खाली पडले. सुकेशनी आता विज्ञान शिकून आली आहे. तिने मला लगेच ओळखले. बीटी पचवणाऱ्या अळ्या आधी थोड्याच होत्या, असे तिने वडिलांना समजावले. अळीचा पुढे पतंग होतो. माझ्या झाडांवरचे साधे पतंग त्यांच्या पतंगांना जोडीला मिळाले असते, तर त्यांची पिल्ले बहुतेक बीटीवर मेली असती. साधे पतंग उरलेच नाहीत, म्हणून बीटी पचवणारे पतंग आपसांतच जुळले आणि तशाच अळ्या वाढत गेल्या. एकट्या माझ्याने काही थांबले नसते. पण माझ्यासारख्या पुड्या घरोघरी पडून होत्या.

पुंजाजींनी मला हातात घेतले. मग त्यांनी विचारले, "उगवन का आता?"

सुकेशनीने बी ओल्या गोणपाटात गुंडाळले. पुंजाजी रोज कापऱ्या हाताने त्याचा कोपरा उचलून पाहत. बियांवर बुरशी आली. कोंब आला नाही.

"पाखरायचा वाटा काढला मी," ते लिलाबाईंना म्हणाले. "हा राह्यला."

मित्रांनो, आता साधे बी मोठ्या पिशवीतच मिसळून येते. कागद मात्र अजूनही सोबत असतो. तो वाचा. त्यातले काही पटले नाही, तर हसण्याआधी 'काहून?', का म्हणून, एवढे विचारा. बी वाट पाहते, पण फार वर्षे नाही.