मायाचा हिवताप

दर्यापूरजवळच्या एका गावात प्रीतम आणि माया या नवराबायकोला एकाच आठवड्यात हिवतापानं धरलं. रक्त तपासलं, दोघांचा ताप एकाच जातीचा निघाला. क्लोरोक्विन दोघांनाही मिळालं. प्रीतमला मात्र त्यावर प्रायमाक्विनच्या गोळ्याही मिळाल्या. मायाला नाही, कारण तिला दिवस गेले होते.

प्रीतम बरा होऊन सोयाबीन सोंगायला लागला. मायाही उठली. पण पाचव्या महिन्यात भाकरी थापता थापता तिचे हात थरथरले आणि ती चुलीपुढेच आडवी झाली. सासूनं, चतुराबाईनं, घरातल्या सगळ्या वाकळा तिच्या अंगावर टाकल्या.

"तुमाले नाई आला परत," माया दातावर दात वाजवत म्हणाली. "मलेच काहून?"

प्रीतमनं तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंना तेच विचारलं.

"क्लोरोक्विन रक्तातले जंतू मारतं, पोटातल्या बाळालाही चालतं," त्या म्हणाल्या. "पण काही जंतू यकृतात दडून राहतात. त्यांना प्रायमाक्विनच लागतं, आणि ते बाळाचं रक्त फोडू शकतं. बाळंतपणापर्यंत दर आठवड्याला क्लोरोक्विन देऊ. ताप दाबून धरायचा."

"आन् नाई दबला तं?"

"तर पुन्हा हेच औषध. याच्यापुढं माझ्या हातात काही नाही."

गोळी मायाच्या पोटात ठरेना. दिली की उलटून पडे. ताप पुन्हा आला, तोंड पांढरंफटक पडलं. शेवटी प्रीतम कुणाला न सांगता औषधाच्या दुकानातून प्रायमाक्विनची पट्टी घेऊन आला. मायानं ती हातात घेतली, बराच वेळ पाहिली.

"याले काई झालं तं?" तिनं पोटावर हात ठेवून विचारलं.

तिनं पट्टी परत केली. त्यानं ती चुलीत टाकली.

आठव्या महिन्यातच कळा सुरू झाल्या. अकोल्याला नेलं. मुलगी झाली, वीतभर जीव. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. मायाला रक्त चढवलं.

"आता तं देता येईन नं ते गोळी?" प्रीतमनं तिथल्या डॉक्टरांना विचारलं.

"बाळाला आईचंच दूध द्यायचं आहे. दूध पाजणाऱ्या आईला देण्याआधी दोघींच्या रक्ताची तपासणी लागते. थांबावं लागेल."

त्याच संध्याकाळी मायाला पुन्हा हुडहुडी भरली. खाट वाजायला लागली. प्रीतमनं तिचे पाय दोन्ही हातांनी दाबून धरले, तरी ते थांबेनात. चतुराबाई भिंतीकडे तोंड करून बसली होती.

"पोरगी दूध पेली का?" मायानं डोळे न उघडता विचारलं.

"पेली," प्रीतम म्हणाला. पेटीजवळ त्याला सकाळपासून कुणी जाऊ दिलं नव्हतं.