रडणारी मोटारसायकल

अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. मोटारसायकल रडते म्हटल्यावर कोण घरी बसतंय? मठातले बाबा पुढे झाले, दोन्ही हातांनी हँडल धरलं आणि डोळे मिटून खोल आवाजात विचारलं, "मालका, आहेस ना?" पुढच्या चाकाच्या दांडीवरून तेलाचा थेंब ओघळला. माणसं गहिवरली. बाबांनी थेंब चमच्यात झेलला. गुडघेदुखीवर अक्सीर इलाज म्हणे.

वहिनी दारात उभ्या होत्या. गाडी त्यांच्या नवऱ्याची. तो जाऊन वर्ष झालं. पहिले काही दिवस सोडले तर इकडे कोणी फिरकलं नव्हतं. शिवायला टाकलेले कपडे न्यायला येणाऱ्या बायकासुद्धा उंबऱ्यावरूनच परत जायच्या. आता रोज शंभर माणसं. वहिनी त्यांना चहा करत, आणि खरं सांगायचं तर त्यांना फार बरं वाटत होतं. पण उद्या बाबा गाडी मठात नेणार होते. आत्मा इथे कोंडतो म्हणे. गाडी गेली की माणसंही जाणार, हे वहिनींना कळत होतं.

तेवढ्यात गाडीचा जुना मेकॅनिक गर्दीतून पुढे आला. "वहिनी, हात लावू का?"

"अपवित्र हात नको," बाबा म्हणाले.

"दहा वर्षं याच हातांनी दुरुस्त केलीय, बाबा."

वहिनींनी मान डोलावली. त्याने गाडीला काही विचारलं नाही, हँडल नुसतं खाली दाबलं. थेंब आला. पुन्हा दाबलं, पुन्हा आला.

"प्रश्न विचारताना बाबा हेच करतात. खड्ड्यात दणका बसू नये म्हणून या नळ्यांत तेल असतं. ते अडवायला रबराची कडी असते, सील म्हणतात. ती फाटलीय."

"फाटली कशी?" शेजारच्या काकूंनी विचारलं.

त्याने दांडीवर नख फिरवलं. "गंज चढलाय. त्याने रबर कातरलं. वहिनी, गाडी कशाने पुसता?"

"ओल्या फडक्याने. रोज." वहिनींचा आवाज बारीक झाला. "पुसून झाली की जरा वेळ वर बसते. हँडल धरून."

बाबांनी चमचा झोळीत टाकला आणि काढता पाय घेतला. घाईत दुसऱ्याच्याच चपला पायात गेल्या.

मेकॅनिकने गॅरेजमधून सामान आणलं. चाक काढलं, नळ्या उतरवल्या, दांडी घासून गुळगुळीत केली, नवी सीलं बसवली, तेल भरलं. तोवर गर्दी पांगली होती. उरल्या फक्त काकू आणि चहाचे उष्टे कप.

"लोखंड रडत नाही, काकू," तो हात पुसत म्हणाला. "माणूस रडतं. इतके जण गाडीला प्रश्न विचारून गेले. जिला उत्तर देता येतं तिला एकानेही विचारलं नाही."

तो गेल्यावर वहिनींनी हँडल दाबलं. दांडी कोरडी. पुन्हा दाबलं. कोरडीच. मग त्या वर्षभरात पहिल्यांदा मोठ्याने रडल्या.

काकू घरी निघाल्या होत्या. त्या मागे वळल्या, येऊन पायरीवर बसल्या.

"कशी आहेस गं?" त्यांनी विचारलं.