मेहुण्याचा खांब

सचिवालयाच्या मोठ्या दालनात आठ खांब आहेत. सात सारखे, एक जाडा. त्याला सगळे मेहुणा म्हणतात. ठेकेदारानं हा एक आपल्या मेहुण्याला बांधायला दिला आणि त्यानं घोळ घातला, अशी गोष्ट सांगतात. बहिणीच्या घरी खाऊन सुटलाय, असंही कोणी म्हणतं.

हा मेहुणा आज कापायचा होता. त्याच्यामुळे रांगेतल्यांना अर्ज घ्यायची खिडकी दिसत नाही. छताचा भार त्याच्यावर नाही, हे तपासून झालं होतं. हुकमावर सही माझ्या सुनेची. ती इमारतीची इंजिनिअर. मी त्याच इमारतीच्या ग्रंथालयात जन्म काढला, पण बांधकामातलं मला काय कळणार?

तरी सकाळी चहा घेताना तोंडातून निघून गेलं. "दालनावरच्या घुमटाच्या बुडाशी पन्हळ आहे. तीन कोपऱ्यांतून बाहेर नळ उतरलेत. चौथा कोपरा मेहुण्याच्या डोक्यावर. तिथलं पाणी जातं कुठं गं?"

तिनं कप खाली ठेवला. "बाबा, हे आज सांगताय?"

"माझा आपला अंदाज. चुकीचाही असेल."

"चुकला तर सासऱ्याच्या नादी लागून काम अडवलं म्हणतील."

उगाच बोललो, असं झालं मला. पण थोड्याच वेळात ती बादली घेऊन गच्चीवर होती आणि मी दालनात, मेहुण्याला कान लावून. रांग माझ्याकडे बघत होती. कापणारा कारागीर मशीन जोडून तयार होता.

"ओतलं," ती फोनवर म्हणाली.

काहीच नाही.

"आजोबा, काय म्हणतोय मेहुणा?" रांगेतल्या एका बाईंनी विचारलं.

"झोपलाय," मी म्हणालो आणि स्वतःच लाजलो.

"थांबा, पानांचा बोळा बसलाय," फोनमधून आलं. "काढला. पुन्हा ओततेय."

आधी खरखर झाली. मग माझ्या कानालगत काहीतरी सरसरत खाली गेलं. स्वतःच्या कानांवर माझा भरवसा नाही. मी त्या बाईंना म्हटलं, "जरा तुम्ही ऐकता का?"

त्यांनी कान लावला. "अगं बाई, ह्याच्या पोटातून पाणी चाललंय."

"बाबा, आलं का?"

"आलं. दोघांनी ऐकलं."

"मग खिडकीच हलवू. कारागिराला फोन द्या."

तो "हो मॅडम, हो मॅडम" म्हणत वायर गुंडाळू लागला. तोवर खांबाभोवती दुसरीच रांग लागली होती. बाईंनी कारागिराच्या हातातून फोन घेतला.

"मॅडम, अजून एक बादली ओता. मागच्यांना ऐकायचंय."