माझी रेघ आणि आमशादादाचा कान

मित्रांनो, तळोद्याच्या एका लहान दवाखान्यात, कपाटाच्या वरच्या खणात, पांढऱ्या कापडाखाली मी बसलेले असते. मी कानाच्या आतल्या हवेचा दाब मोजणारे एक जुने यंत्र आहे.

नाकाच्या मागून कानाच्या पडद्याआड एक बारीक नळी जाते. आपण गिळतो तेव्हा ती क्षणभर उघडते आणि आत हवा शिरते. ती उघडली नाही तर कानाला दडा बसतो. मी कानात रबरी बोंडी बसवून दाब कमीजास्त करते आणि कागदावर डोंगरासारखी रेघ काढते. शिखर मधोमध आले की आतला आणि बाहेरचा दाब सारखा. डावीकडे सरकले की आत हवा कमी.

मी नवे होते तेव्हा माझा फार मान होता. दवाखान्याच्या डॉक्टर गायत्री मॅडम मोठ्या माणसांच्या या नळीच्या निरनिराळ्या तपासण्या ताडून पाहत असत. वहीत तीन रकाने होते. पहिल्यात माझी रेघ. दुसऱ्यात, नाक दाबून फुंकल्यावर पडदा हलताना डोळ्यांना दिसला की नाही. तिसऱ्यात रुग्णाचे स्वतःचे म्हणणे. तिन्ही रकाने क्वचितच जुळत. मला वाटे, चूक बाकीच्या दोन रकान्यांचीच.

एके दिवशी आमशादादा आले. ते सातपुड्यातल्या गावांना जीप नेत. आदल्या आठवड्यात घाट उतरताना मागून आलेल्या ट्रकचा भोंगा त्यांच्या उजव्या कानाला कळलाच नाही. मागे बसलेल्या रुक्मिणीबाई ओरडल्या, तरी गाडी बाजूला घ्यायला उशीर झाला आणि जीप ट्रकला घासता घासता वाचली. जीपचे मालक छगनभाऊ सोबत आले होते. ते म्हणाले, "गाडीमा बाया-मानसं बठतस. डाक्टरना कागद लयी ये, नहीं ते चावी दी दे." म्हणजे डॉक्टरांचा कागद आण, नाहीतर चावी दे; तोवर चावी त्यांनी आपल्याकडेच ठेवली.

मी दोन्ही कानांची रेघ काढली. दोन्ही शिखरे मधोमध. फुंकल्यावर पडदाही हलला.

"दखा!" छगनभाऊ हसले. "कान ते नवा कोरा शे! उगाच घाबरी गयथा." त्यांनी चावी पुढे केली.

आमशादादांनी ती घेतली नाही. घरात दुसरी कमाई नव्हती, तरीही नाही.

"मॅडम, तुमचं मशीन सपाटीवर बसलंय," ते म्हणाले. "माझा कान घाटात बंद होतो."

मला राग आला. माझी रेघ खरी होती. पण मॅडम थांबल्या. त्यांनी ग्लासभर पाणी मागवले.

"आमशादादा, नाक दाबून एक घोट गिळा."

मी पुन्हा रेघ काढली. नाक बंद ठेवून गिळल्याने आतली हवा ओढली गेली होती आणि दोन्ही शिखरे डावीकडे सरकली होती. "आता नाक सोडून गिळा." डाव्या कानाचे शिखर परत मधोमध आले. उजव्याचे तिथेच राहिले. दुसरा घोट, तिसरा घोट, तरी तिथेच.

उतारावर बाहेरचा दाब वाढत होता आणि ही नळी उघडत नव्हती. मी बसलेल्या माणसाचा कान मोजला होता, उतरणाऱ्याचा नाही.

"दोन महिने घाट नको," मॅडम म्हणाल्या. "नाकाचं औषध घ्या, मग पुन्हा बघू."

छगनभाऊंनी चावी खिशात घातली. मग आमशादादांकडे पाहून ती परत काढली. "नंदुरबारना रस्ता सपाट शे. तठे चालाव."

दोन महिन्यांनी उजवे शिखर परत आले, तेही दुसऱ्या घोटाला. मॅडम खूश झाल्या. आमशादादा मात्र म्हणाले, "रिकामी गाडी घेऊन घाटाला विचारून येतो. मग माणसं बसवीन."

पुढे एका बाजाराच्या दिवशी ते दारात उभे राहिले.

"काय म्हणाला घाट?" मॅडमनी विचारले.

"रिकाम्या गाडीत कान उघडाच राहिला. म्हणून आज माणसं घेऊन उतरलो. रुक्मिणीबाई मागून शिव्या देत होत्या, हळू चालव म्हणून." आमशादादांनी उजव्या कानाला हात लावला. "एकही चुकली नाही!"

आता माझ्या जागी नवे यंत्र आले आहे. माझी बोंडी कडक झाली आहे, कागदही संपला आहे. तुम्ही मला अधूनमधून पुसलेत तर बरे वाटेल. पण मित्रांनो, त्याआधी त्या नव्या यंत्राला एवढे सांगा: रेघ नीट काढ, आणि ती काढून झाली की खुर्चीतल्या माणसाचे बोलणे संपेपर्यंत थांब.