हरणांच्या बागेतली केरसुणी

मी एक केरसुणी बोलतेय. आमच्या जातीला बोलायची मुभा नाही, आणि ते बरंच आहे. घराघरातलं काय काय आम्ही पलंगाखालून ओढून काढलेलं असतं, ते सांगायला लागलो तर निम्मी लग्नं मोडतील. पण माझी गोष्ट कुणाला लाज आणणारी नाही, म्हणून सांगते.

बुखाऱ्याबाहेर कालव्याच्या कडेला माझा जन्म झाला. तुमच्या ज्वारीच्या भावकीतलंच पीक ते. दाणे कोंबड्यांना गेले आणि तुरे इर्गाश बोबोकडे आले. म्हातारा पाय पसरून बसायचा, ओल्या काड्या मांडीखाली दाबायचा आणि दोरीनं अशी आवळायचा की जीव जाईल. "आवळली नाही तर ती केरसुणी नव्हे, नुसता पेंढा," म्हणायचा. तेव्हा राग यायचा. आता कळतं, त्या आवळण्यावरच मी इतकी वर्षं उभी आहे.

बाजारात मला होसियतबाईंनी निवडलं. एकेक केरसुणी जमिनीवर दाबून बघत त्या पूर्ण रांग फिरल्या. माझ्यापाशी थांबल्या.

"ही चालेल. कमरेत वाकते आणि लगेच उठते. सुनेसाठी हवी आहे."

"सूनही अशीच बघून आणलीत का, मावशी?" विकणाऱ्यानं विचारलं.

"सून अजून यायचीय. आली की कळेल."

सून आली ती शरदात, कापूस वेचून झाल्यावर, सगळ्यांची लग्नं होतात तेव्हा. तिचं नाव सनोबर. पण आमच्याकडे नव्या सुनेला नाव नसतं. सासरा, सासू, दीर, गल्ली, सगळे तिला केलिन म्हणतात, म्हणजे सूनबाई. केलिननं सूर्याच्या आधी उठायचं, अंगणात पाणी शिंपडायचं, अंगण झाडायचं, मग फाटकाबाहेरचा रस्ताही झाडायचा. तिनं कुणाच्या तोंडाला तोंड द्यायचं नाही, मोठ्यांसमोर आवाज चढवायचा नाही. मोठं माणूस समोर आलं की छातीवर हात ठेवून वाकायचं आणि सलाम म्हणायचा. सलामाला उत्तर म्हणून मोठ्यांनी आशीर्वाद द्यायचा. सून कशी आहे हे गल्ली तिचं तोंड बघून ठरवत नाही, झाडण्याचा आवाज ऐकून ठरवते.

सनोबरचा हात हलका होता. तिनं माझी एक काडी मोडली नाही. घरात ती दिवसाला दहा वाक्यं बोलत असेल, त्यातली सहा माझ्याशी. "पलीकडची खिडकी उघडलीय गं," ती पुटपुटायची, "जरा जोरात चल, त्यांचीही झोप पूर्ण झाली असेल."

तिचा नवरा उल्मस हरणांना चारा घालायचा. शहरापासून दूर वाळवंटात जैरान हरणं वाढवून पुन्हा मोकळी सोडायचं केंद्र आहे. तिथं शाळेची मुलं येतात, परदेशी लोक येतात. हिवाळा संपताना तिथल्या फाटकाशी एक नवी बाग केली आणि ती सांभाळायला माणूस हवं होतं. उल्मसनं बायकोचं नाव सांगितलं. सासूबाईंनी आठवडाभर तोंड फिरवलं, मग म्हणाल्या, "जाऊ दे. पण केरसुणी घेऊन जा. लोकांना कळू दे कुणाच्या घरची आहे."

म्हणून पहिल्या दिवशी मी सनोबरच्या काखेत होते. बाग आखणाऱ्या मावलुदाआपा ताश्कंदहून आल्या होत्या. बुटक्या, पायात मोठे बूट, नखांत माती.

"केरसुणी कशाला?"

"झाडायला, आपा."

"इथे झाडायचं नाही."

सनोबरनं मला काखेत आणखी आत सरकवलं. माझी नोकरी सुरू व्हायच्या आधीच गेली होती.

आपांनी तिला बाग दाखवली. हिरवळ नव्हती, कारण हिरवळ इथलं सगळं पाणी पिऊन टाकते. झाऊ आणि साक्सौल, म्हणजे वाळवंट ज्यांना नवं नाही अशी झाडं. झाडांच्या मुळाशी पुरलेली कच्ची मडकी. ती भरली की आठवडाभर पाझरत राहायची. छपरावरचं पावसाचं पाणी एका खळग्यात वळवलेलं. पाडलेल्या जुन्या गोठ्याच्या विटांची भिंत, मुद्दाम फटी ठेवून रचलेली, पालींसाठी आणि मधमाश्यांसाठी. आणि म्हाताऱ्या तुतीखाली मागच्या शरदातली पानं, गुडघाभर, जशी पडली तशी.

"ही पानं म्हणजे बागेची गोधडी," आपा म्हणाल्या. "आपल्याकडे जमीन उघडी करून झोडपायची सवय आहे. इथे तुला सांभाळायचं आहे, आवरायचं नाही. जमेल?"

"शिकेन."

आपांनी दुसरीही गोष्ट सांगितली. मे महिन्यात शहरातून समिती येणार होती. त्यांना ही बाग पसंत पडली नाही तर सगळं उपटून गुलाबाचे वाफे आणि मधोमध कारंजं. मग सनोबरनं पुन्हा घरच्या अंगणात जायचं. मी तिचा चेहरा पाहिला. या बागेत तिला सगळे नावानं हाक मारायचे. शाळेची मुलं तर "सनोबरआपा, सनोबरआपा" करत मागे लागायची, आणि ती चक्क मोठ्यानं उत्तरं द्यायची. ती बाग गेली असती तर तो आवाजही गेला असता.

मी अवजारांच्या खोपटात टेकून उभी राहिले. घरी नवी केरसुणी आली. सुरुवातीला वाईट वाटलं. पण खोपटाच्या दारातून दिसायचं ते बघण्यात दिवस छान जायचे. एप्रिलअखेर पानांत एक जाहक आली. साळिंदरासारखी काटेरी, पण ओंजळीत मावेल एवढी, कान सशासारखे लांब. सनोबर रोज लांबूनच तिच्याकडे बघायची आणि वहीत लिहायची. एके दिवशी तिनं वहीत तीन बारीक रेघा काढल्या आणि एकटीच हसली.

इकडे गल्लीत मात्र वेगळं चाललं होतं. कुणाची तरी भाची सहलीला येऊन गेली आणि सांगत सुटली: होसियतबाईंची सून पगार घेते आणि बागेत पानांचा उकिरडा! सासूबाईंनी ते ऐकून घेतलं, आणि जे आमच्याकडे कुठलीही चांगली सासू करील तेच केलं. त्यांनी हशर काढली. हशर म्हणजे शेजार जमवून एकमेकींचं काम उरकायचं, फुकट, हसतखेळत.

समिती यायच्या सकाळी त्यांनी सनोबरला पाहुण्यांसाठी रोट्या भाजायला तंदूरवर धाडलं. स्वतः सहा बायका, चुन्याच्या तीन बादल्या आणि कुंचे घेऊन उजाडताच बागेत. फाटकावरच्या पहारेकऱ्याला वाटलं, समितीसाठीच कुणी बोलावलंय.

सासूबाईंनी मला खोपटातून काढलं. खरं सांगते, मला आनंद झाला. तीन महिने हात लागला नव्हता. सहाजणी झाडत होत्या, गाणी म्हणत होत्या, झाडांचे बुंधे कमरेपर्यंत पांढरे होत होते, वाटेचे दगड पांढरे होत होते. सगळी पानं भिंतीच्या कोपऱ्यात लोटली, जिथं आधीच सगळ्यात जाड थर होता. शेवटचा लोट मारताना माझ्या काड्यांना काहीतरी टोचलं. टोचणं हा माझा धंदा, मला कोण टोचतंय? मग आतून फुसफुस ऐकू आली. मला कळलं. पण मी केरसुणी, सांगू कुणाला?

"झालं!" सासूबाईंनी मला भिंतीला टेकवलं. "आता पेटवू, राख झुडपांना घालू. समितीनंही बघावं घर कसं ठेवतात."

त्यांनी काडेपेटी काढली आणि त्याच वेळी सनोबर डोक्यावर रोट्यांची टोपली घेऊन आली.

तिनं पांढरे बुंधे पाहिले, उघडी जमीन पाहिली, ढीग कुठं रचलाय ते पाहिलं. सहा बायकांसमोर सासूला नको म्हणणारी केलिन आमच्या गल्लीत अजून जन्मायची होती.

तिनं टोपली खाली ठेवली. चालत आली, ढीग आणि सासूबाईंच्या मधे उभी राहिली, छातीवर हात ठेवला आणि कमरेत वाकली.

"सलाम, आई."

सासूबाईंच्या हातात पेटलेली काडी. पण सुनेच्या सलामाला उत्तर दिल्याशिवाय पुढचं काही करता येत नाही. "जगत राहा, सुखी राहा, लेकराबाळांची हो," त्यांनी घाईघाईनं म्हटलं. काडी बोटापर्यंत आली. "आई गं!" फेकून दिली.

दुसरी काडी ओढली. सनोबर पुन्हा वाकली.

"सलाम, आई."

"अगं, दिला ना आशीर्वाद! बरं, सुखी राहा..." तीही विझली.

तेवढ्यात सनोबर शेजारणीकडे वळून वाकली. मग पुढचीकडे. सहाच्या सहा. प्रत्येकीला कुंचा खाली ठेवून आशीर्वाद द्यावा लागला. शेवटची झाली आणि ती पुन्हा पहिलीकडे वळली.

"हिचं आज परत लग्न लागलंय का?" एकजण म्हणाली आणि सगळ्या खिदळल्या.

"केलिन, बाजूला हो," सासूबाईंचा आवाज चढला. "काय झालंय तुला?"

सनोबर सरळ उभी राहिली. पहिल्यांदाच तिचा आवाज त्यांच्या आवाजाएवढा झाला.

"आई, आत बाळंतीण आहे."

सनोबरनं गुडघ्यावर बसून वरची पानं हळूच बाजूला केली. दोन लांब कान, एक रागावलेलं नाक, आणि पोटाशी तीन गुलाबी गोळे.

"किती दिवस झाले?" सासूबाईंनी कुजबुजत विचारलं.

"बारा."

आमच्याकडे बाळंतीण चाळीस दिवस सांभाळतात. तिच्या खोलीत परकं पाऊल पडू देत नाहीत. सासूबाईंनी काडेपेटी खिशात टाकली, डोक्याचा रुमाल सोडला आणि बायकांवर फिरल्या. "बघत काय राहिलात? पांघरूण काढलंत तिचं! आणा, घाला परत!"

मोटारी आल्या तेव्हा सात बायका रुमालात पानं भरभरून आणत होत्या आणि मुठीमुठीनं पसरत होत्या. समितीचे अध्यक्ष जाडजूड गृहस्थ होते. पुढे आपा, चेहरा चुन्यासारखा. मागे उल्मस.

"हे काय?" अध्यक्ष गरजले. "बागेत कचरा टाकताय?"

सनोबरनं तोंड उघडलं, पण सासूबाई आधी बोलल्या.

"हळू बोला. बाळंतीण झोपलीय."

अध्यक्षांना सगळं समजायला वेळ लागला. मग त्यांनी बूट काढले, खरंच काढले, आणि चवड्यांवर जाऊन बघून आले. परत आल्यावर सनोबरला बारीकसारीक प्रश्न विचारले: मडकी किती दिवसांनी भरतेस, भिंतीत कोण राहतं, पाणी किती वाचतं. ती एकेकाचं उत्तर देत गेली. सासूबाई तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या. एवढं बोलते ही?

बाग राहिली. कारंजं रद्द झालं. फक्त अध्यक्षांनी जाताजाता बजावलं, "बुंध्यांना चुना झकास दिलाय. तो दरवर्षी द्यायचा." आपांनी डोळे मिटून मान हलवली. तेवढी किंमत त्यांना परवडली.

त्याला आता चार वर्षं झाली. सनोबरच्या हाताखाली दोन बायका आहेत. सासूबाई सुट्टीच्या दिवशी येतात, तुतीखाली बसतात आणि आलेल्या-गेलेल्याला पान उचलू देत नाहीत.

मी झिजले. काड्या निम्म्या राहिल्या. मागच्या वसंतात एक काळी, चिमुकली मधमाशी आली आणि माझ्या मुठीतल्या काडीचा मऊ गाभा कोरू लागली. गुदगुल्या झाल्या. पुढे तिनं आत अंडी घातली आणि तोंड मातीनं लिंपलं. सनोबरनं ते पाहिलं, मला उलटी केली आणि भिंतीच्या आडोशाला मुठीची बाजू वर करून रोवून टाकलं. आज अशा लिंपलेल्या अकरा काड्या आहेत.

कधी या बाजूला आलात तर कोपऱ्यात एक उलटी केरसुणी दिसेल. तुम्हाला वाटेल, कुणीतरी विसरलंय, सरळ करून ठेवावी. कृपा करून हात लावू नका. मला आता झाडायचं नाही. माझ्या पोटात कुणीतरी झोपलंय.