पंधरा किलो वाळू

"ही बुधवारची ओळ कुणी खोडली?" मेंग सरांनी वही डोळ्यांपासून लांब धरत विचारलं.

"मी," नानयंग म्हणाली.

"तिथं मी 'विसावा' लिहिलं होतं."

"म्हणून तर खोडलं. विसावा घेऊन नोकरी मिळत असती, तर आमचे हे आज महापौर असते."

ओढ्याकाठच्या फुकटच्या व्यायामयंत्रांवर पाय हलवत बसलेल्या दोन म्हाताऱ्या फिदीफिदी हसल्या. सर हसले नाहीत. चाळीस वर्षं शाळेत कवायत शिकवून निवृत्त झालेला हा माणूस दुपारी चारच्या ठोक्याला इथे हजर व्हायचा आणि कुणी विचारो न विचारो, प्रत्येकाच्या गुडघ्याबद्दल मत द्यायचा. नानयंगने मात्र त्यांना स्वतः होऊन विचारलं होतं. सरांनी तिला अख्खा आठवडा आखून दिला होता. सोमवारी पळणं, मंगळवारी वजनं, बुधवारी विसावा, गुरुवारी सायकल, शुक्रवारी पुन्हा वजनं, शनिवारी पळणं आणि रविवारी नुसतं चालणं. नानयंगने त्यावर लाल पेन चालवलं होतं. पळणं रोज, सायकल रोज, वजनं एक दिवसाआड. चालण्याची ओळ तर तिने काढूनच टाकली होती, कारण चालणं हा काही व्यायाम नाही असं तिचं मत होतं.

"हे वेळापत्रक नाही, शिक्षा आहे," सर म्हणाले.

"मग शिक्षा भोगते. तीन आठवडे राहिलेत."

तिने वही हिसकावून घेतली आणि ओढ्याच्या कडेने पळायला लागली. उजव्या कमरेत कळ आली. तिने कमरेलाही एक शिवी हासडली.

नानयंग बाजारचढावर झाडू मारायची. अकरा वर्षं. चढाच्या डाव्या बाजूचा फुटपाथ ठेकेदाराकडे होता, उजव्या बाजूचा नगरपालिकेकडे. झाडू तोच, पानं तीच, वास तोच. पण उजवीकडे झाडणारा कायम नोकरीत होता, त्याला साठीपर्यंत कुणी हात लावू शकत नव्हतं आणि आजारी पडला तर घरी झोपता येत होतं. डावीकडची नानयंग दर डिसेंबरला नव्या कागदावर सही करायची आणि पुढच्या डिसेंबरची वाट बघत काळजी करायची. वाऱ्याने उजवीकडची पानं डावीकडे आली की ती तिची.

उजवीकडे जायचं तर परीक्षा होती. एक किलोमीटर पळायचं आणि मग खांद्यावर वाळूचं पोतं घेऊन, बायकांसाठी पंधरा किलोचं, पंचवीस मीटर जाऊन शंकूला वळसा घालून पंधरा सेकंदांच्या आत परत यायचं. ज्या कामात कुणीही कधी धावत नाही, त्या कामासाठी ही धावपळ. दोनदा ती नापास झाली होती. गेल्या वर्षी क्रीडा महाविद्यालयातून आलेली सत्तावीस वर्षांची एक मुलगी पास झाली आणि नेमकी समोरच्या फुटपाथवर लागली. ती नानयंगला ताई म्हणायची आणि गारठ्यात गरम कॉफीचा कॅन आणून द्यायची. मुलगी चांगली निघाली, त्यामुळे धड तिच्यावर रागावताही येईना. या वेळी नानयंग सेहेचाळीस वर्षांची होती. पुढच्या वर्षी आपल्याच्याने हे होणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि म्हणून तिला जगाचाच राग आलेला होता.

सगळ्यात मोठा राग तारखेचा. परीक्षा नोव्हेंबरच्या शेवटच्या बुधवारी. त्याच आठवड्यात गिंकोची झाडं एकदम सगळी पानं टाकून मोकळी होतात आणि कुजक्या लोण्यासारख्या वासाची फळं फुटपाथभर चिरडलेली असतात. झाडूवाल्यांच्या वर्षातला सगळ्यात वाईट आठवडा. जिममध्ये महिनाभर तयारी करून येणाऱ्या पोरांना त्याचं काय? ही तारीख ठरवणाऱ्याने हातात कधी झाडू धरलाय का, असं ती ज्याला त्याला विचारायची. 

घरी ती वीस किलोच्या तांदळाच्या पोत्यातून पाच किलो तांदूळ काढून ठेवायची आणि उरलेलं पोतं खांद्यावर घेऊन चार मजले चढायची, उतरायची. तिचा नवरा संगदोक बस धुण्याच्या डेपोत कामाला होता. तो जिन्याच्या तोंडाशी उभा राहून बघायचा.

"चेवोनची आई, हे तांदूळ खायचेत की फिरायला न्यायचेत?"

"तुम्हाला खायचेत. मला उचलायचेत."

"अगं, सोड आता. ठेकेदार काढत तर नाही ना तुला?"

"काढत नाही म्हणून उपकार मानू?"

"तसं नाही म्हटलं मी."

"मग कसं म्हटलंत? नीट सांगा ना. मी उभी आहे."

ती खरंच पोतं खांद्यावर तसंच ठेवून उभी राहिली.  संगदोक आत जाऊन सूप गरम करायला लागला.

त्यातच हिवाळ्यासाठी किमची, म्हणजे कोबीचं तिखट लोणचं, घालायचे दिवस आले. नणंदेकडे शनिवारी काम सुटल्यावर आणि रविवारी दिवसभर ऐंशी कोबी. मीठ लावायचं, पिळायचं, उचलायचं, मसाला भरायचा. नानयंग गेली, कारण न जाऊन वर्षभराचे टोमणे कोण ऐकणार? रविवारी संध्याकाळी तिथून निघाल्यावर मिठाने चिरलेल्या हातांनी तिने सायकल धरली आणि वहीत लिहिलेला मोठा चढ पूर्ण केला. वहीत तिने बरोबरची खूण केली. कोबींबद्दल वहीत काहीच नव्हतं.

परीक्षेच्या आधीच्या शनिवारी मेंग सर सुकट घ्यायला बाजारात आले. चढावर पिवळा खच पडला होता. नानयंग ओली पानं पोत्यात दाबून भरत होती, पोतं गुडघ्यावर घेऊन एका झटक्यात खांद्यावर टाकत होती आणि वर उभ्या असलेल्या ट्रकपर्यंत नेत होती. सर सुकटवाल्याच्या स्टुलावर बसले. तासाभराने ती पाणी प्यायला थांबली, तेव्हा उठून आले.

"सतरा," ते म्हणाले.

"काय सतरा?"

"पोती. मी बसल्यापासून. दिवसाला किती होतात?"

"कोण मोजतंय? शंभर होत असतील."

"आणि घरी जाऊन तांदूळ उचलतेस?"

"परीक्षा आहे सर. हे काम आहे, ते प्रशिक्षण."

सर एकदम तापले. आजूबाजूच्या भाजीवाल्या बघायला लागल्या.

"अगं, पोत्याला ठाऊक आहे का ते कामाचं की प्रशिक्षणाचं? तुझ्या कमरेला ठाऊक आहे? सकाळी सायकलने येतेस, सात तास चालतेस, शंभर पोती वाहतेस, मग पळतेस, मग पुन्हा वजनं! नगरपालिकेनं माझी अकरा वर्षं धरली नाहीत म्हणून गावभर ओरडत फिरतेस. तू तरी कुठं धरलीस? तुझ्या वहीत तुझ्या कामाची एक तरी ओळ आहे का?"

नानयंगचा चेहरा लाल झाला. उलट बोलायला तिने तोंड उघडलं, पण म्हातारा खरं बोलत होता. खरं बोलणाऱ्याचा तिला नेहमीच दुप्पट राग यायचा.

"मग आता काय करू?" तिने विचारलं. आवाज भांडणाचाच होता.

"काही करू नकोस. सोमवार-मंगळवार झोप. तू तयारच आहेस. फक्त दमलेली आहेस."

त्या संध्याकाळी ती ठेकेदाराच्या मुकादमाकडे, सोककडे, गेली. आयुष्यात पहिल्यांदा दोन दिवसांची सुट्टी मागितली.

"पानगळीत सुट्टी?" मुकादमाने चष्मा कपाळावर चढवला. "ए नानयंग, पानं काय तुझ्या परीक्षेसाठी झाडावर थांबतील?"

"अकरा वर्षांत मागितली का कधी?"

"नाही मागितलीस. म्हणून तर तुझ्यावर भरवसा आहे. बुधवारी जा परीक्षेला. सोमवार-मंगळवार मला माणूस लागेल."

न मागण्याचं हे बक्षीस. ती दार आपटून बाहेर आली. सोमवार-मंगळवार पानं वाहिली. पण घरी आल्यावर तांदळाला हात लावला नाही, पळालीही नाही. खोलीतल्या खालून तापवलेल्या जमिनीवर कंबर टेकवून पडून राहिली आणि छताकडे बघत मुकादमाच्या सात पिढ्या आठवल्या. झोप लागली ती थेट पहाटेपर्यंत.

बुधवारी शाळेच्या मैदानावर चार जागांसाठी दोनशेच्या वर माणसं जमली होती. नानयंगकडे चांगली ट्रॅकपँट नव्हती. ती कामाचीच, पायांवर चमकत्या पट्ट्या असलेली विजार घालून आली होती. एक किलोमीटर ती मधल्या घोळक्यात राहून पळाली आणि श्वास शाबूत ठेवून संपवला. कमरेने कुरकुर केली, पण ऐकलं. दुपारी पोत्याची पाळी आली. तिच्या आधीच्या मुली पोतं पोटाशी कवटाळून उचलत होत्या, मग खांद्यावर ढकलताना तिथेच दोन-दोन सेकंद घालवत होत्या.

शिट्टी झाली. नानयंगने पोतं गुडघ्यावर घेतलं, एका झटक्यात खांद्यावर टाकलं आणि निघाली. विचार करायला वेळच लागला नाही. शंकूला वळसा घेतला, परतताना पाठीवर काहीतरी सरसरत गळतंय असं वाटलं, पण थांबली नाही. रेषा ओलांडली. कडेच्या रांगेतून कुणीतरी "वा, मावशी!" असं ओरडलं. घड्याळावर तेरा पूर्णांक आठ होते. दिवसभरात कुठल्याच बाईने एवढ्या कमी वेळात पोतं आणलं नव्हतं.

मग तिने मागे पाहिलं. पोत्याची शिवण उसवली होती आणि शंकूपासून रेषेपर्यंत वाळूची लांब रेघ पडली होती.

गळ्यात ओळखपत्र अडकवलेला नगरपालिकेचा तरुण अधिकारी धावत आला. त्याने उरलेलं पोतं काट्यावर ठेवलं. अकरा किलो.

"हे धरता येणार नाही, मावशी. वजन कमी भरतंय."

"पोतं तुमचं. शिवण तुमची."

"हो, ते खरं आहे. म्हणून पुन्हा संधी देतो ना. नवं पोतं घ्या."

तिची कंबर पेटली होती. तिला शनिवारचं सरांचं बोलणं आठवलं आणि तिने आयुष्यात दुसऱ्यांदा ती गोष्ट मागितली.

"दहा मिनिटं विसावा द्या. मग पळते."

अधिकाऱ्याने रांगेकडे पाहिलं, वाळूकडे पाहिलं, तिच्या विजारीवरच्या पट्ट्यांकडे पाहिलं. त्याचा चेहरा उजळला. टेबलामागचा झाडू आणून त्याने तिच्यासमोर धरला. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, हे सांगायला हवं.

"असं करू. तेवढी वाळू जरा गोळा करता का? तुमचा हात बसलेला असणार. तुमचं होईपर्यंत रांग थांबवतो मी. दहा काय, पंधरा मिनिटं घ्या."

हळूहळू झाडलं असतं तर श्वास परत आला असता. कंबर निवली असती. हे नानयंगला त्या क्षणी कळत होतं, तुम्हा-आम्हाला कळतंय तितकंच लख्ख. रांगेतल्या दोनशे जणांपैकी फक्त तिच्यासमोर झाडू धरला होता, हेही कळत होतं.

"तुम्ही मला नोकरी दिलीत का?"

"अं? नाही, निकाल तर पुढच्या आठवड्यात—"

"मग झाडू खाली ठेवा."

"अहो मावशी, मी तुमच्याच सोयीसाठी—"

"झाडण्याला विसावा म्हणत नाहीत. द्यायचा तर नुसता द्या."

"नुसतं नाही थांबवता येणार. रांग बघा केवढी आहे."

"मग शिट्टी वाजवा."

ती रेषेवर जाऊन उभी राहिली. शिट्टी झाली. पोतं गुडघ्यावर आलं, पण झटका बसला नाही, दुसऱ्या प्रयत्नात ते खांद्यावर गेलं. सांडलेल्या वाळूवरून तिचा पाय जरासा सरकला. वळसा मोठा पडला. ती पळाली, शेवटपर्यंत दात आवळून पळाली. घड्याळावर पंधरा पूर्णांक तीन होते.

अधिकाऱ्याने आकडा लिहिला.  तिने पोतं सरळ उभं करून जागेवर ठेवलं आणि बाकावर जाऊन बसली. रडू आलं नाही. राग एवढा होता की रडण्याला जागाच नव्हती.

पाठीमागे पुढच्या मुलीचा नंबर पुकारला गेला, पण मुलगी वाळूवरून पळायला तयार होईना. शेवटी अधिकाऱ्याने स्वतः झाडू घेतला. कोट घातलेला, बूट चकचकीत. समोरून ओढ्याकडचा वारा येत होता आणि तो वाऱ्याकडे तोंड करून झाडत होता. वाळू उडून त्याच्याच डोळ्यांत, दातांत जात होती. रांग हसत होती. नानयंगने बराच वेळ ते बघितलं. मग तिच्याच्याने बघवेना. ती उठून त्याच्याजवळ गेली. त्याने आशेने झाडू पुढे केला. तिने दोन्ही हात जाकिटाच्या खिशात घातले.

"वाऱ्याकडे पाठ करा, साहेब. आणि उचलून मारू नका, टेकवून ओढा."

त्याने तसं केलं. वाळू गुमान एका बाजूला यायला लागली.

"म्हणजे तुम्ही खरंच हेच काम करता?" डोळे चोळत त्याने विचारलं.

"अकरा वर्षं. बाजारचढावर."

तो झाडता झाडता थांबला. "मग अर्जात का नाही लिहिलंत?"

"अर्जात तसा रकाना नव्हता," नानयंग म्हणाली.

 तो खाली मान घालून उरलेली वाळू ओढत राहिला, आणि सगळी एका ढिगात येईपर्यंत ती तिथेच उभी राहिली.