घर कुणाचं, विचारलं तर

फरशी पुसून झाली, शिऱ्याचा रवा भाजून झाला, लेकीची, दिपालीची साडी इस्त्री करून आली, तरी मनिषाचा जीव काही थाऱ्यावर नव्हता. दुपारी लोणी भापकरचे हिंदुराव सुपारी फोडायला येणार होते. त्यांचा मुलगा शंभूराज कारखान्यात कायम नोकरीला, अंगात एक व्यसन नाही, घरी विहीर-बागाईत. दोन पिढ्यांमागं मेंढरं घेऊन रानोमाळ हिंडणाऱ्या घराला असं स्थळ आपल्या पायांनी चालत यावं, याला नशीबच लागतं. जळोचीतल्या शेजारणी तसं बोलूनही दाखवत होत्या.

परसात तुळसा भांडी घासत होती. तुळसा ही मानसिंगची थोरली बहीण, म्हणजे मनिषाची नणंद. निरवांगीला दिली होती. नवरा तापानं गेला आणि सासरच्यांनी बोल लावला, पांढऱ्या पायाची म्हणून. तेराव्याचं जेवण उरकलं आणि तिला गाडीत घालून भावाच्या दारात आणून सोडली. तेव्हापासून ती इथंच. गावातली माणसं म्हणत, “मानसिंगचं काळीज मोठं. आन् मनिषाचं त्याहून मोठं. विधवा नणंद कोण सांभाळतंय आजकाल?”

मनिषा हे कौतुक खाली मान घालून ऐकून घेई. लोकांना वाटे, किती ही नम्रता! कसली नम्रता आलीय? तिला वर बघवत नसे, कारण खरं काय ते तिला ठाऊक होतं. ज्या घरात तुळसाला आसरा दिला म्हणून गाव त्यांना वाखाणत होतं, ते घर तुळसाचंच होतं.

झालं होतं असं. बेघर, निराधार बायांना सरकारकडून घरकुल मिळत होतं. मानसिंग दूध डेअरीत पगारी माणूस, त्याच्या नावावर ते मिळणं शक्य नव्हतं. मग त्यानं बहिणीचं नाव लावलं, आपल्यातली गुंठाभर जागाही तिच्या नावावर करून दिली, आणि तिला तालुक्याला नेऊन, “आक्का, निराधार बाईच्या पगाराचा कागद हाय, उठव अंगठा,” असं सांगितलं. तिनं उठवला. भावानं सांगितल्यावर बहीण कशाला विचारते? घर उभं राहिलं. जुन्या छपराच्या खोपटातून मानसिंग, मनिषा आणि दिपाली पक्क्या भिंतीत राहायला आली. तुळसाची वळकटी मात्र पडवीत पडली, शेळीच्या खुंट्याशेजारी. जागा लहान आहे, असं मानसिंग म्हणाला. विधवा बाईनं देव्हाऱ्यासमोर निजू नये, असं मनिषा म्हणाली होती. होय, मनिषाच म्हणाली होती.

आणि तुळसानं कधी तक्रार केली नाही, हे मनिषाला जास्त लागे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सवाष्णी दारात आल्या की ही आपणहून शेणाची पाटी घेऊन मागं जाई. बारशाला, लग्नाला तिनं कधी पुढं पाऊल टाकलं नाही. जा म्हणून कुणी सांगावं लागत नव्हतं. आपल्याकडं विधवेला हाकलावं लागत नाही, ती आपली आपणच सरकते, आणि ती सरकते म्हणून आपण निर्दोष!

आता नेमकी मेख अशी बसली, की घरकुलाची वर्षाची पाहणी त्याच दिवशी आली. तशी ती नेहमीचीच. पंचायत समितीचा साहेब येतो, ज्या बाईच्या नावावर घर आहे ती तिथं राहते का बघतो, चहा घेतो, जातो. मागच्या वेळी मानसिंगनं तुळसाला नुसतं दारात उभं करून भागवलं होतं. पण हा साहेब नवा, बाईलाच सगळं विचारतो, असं कानावर आलं होतं. म्हणजे सकाळी साहेबाला विधवा दाखवायची आणि दुपारी पाहुण्यांपासून तीच विधवा लपवायची. मानसिंगनं दोन्हीची जुळणी केली आणि तुळसाला पढवायचं काम बायकोवर टाकलं.

मनिषा परसात आली. “वन्सं, आज सायेब येणार हायती. घाबरायचं कारण न्हाय. घर कुणाचं, असं त्येंनी इचारलं तर म्हणायचं, माझं.”

तुळसाचे राखेनं भरलेले हात थांबले. “माझं? आगं, घर तर तुमचं.”

“म्हणायचं नुसतं.”

“आन् कोण कोण ऱ्हातं म्हणले तर?”

“म्हणायचं, मी ऱ्हाते. भाऊ-भावजय माझ्यापाशी ऱ्हात्यात.”

तुळसाला हसूच फुटलं. “उलटंच की गं सगळं! भाकरी तुमची खायाची आन् वर तुमालाच आश्रित म्हणायचं? जीभ झडंल माझी.”

मनिषाच्या ओठांवर आलं होतं. वन्सं, ते खरंच हाय. एवढंच तर बोलायचं होतं. परसात दुसरं कुणी नव्हतं, मानसिंग दाढी करत बसला होता. पण ते शब्द काही बाहेर पडले नाहीत. खऱ्याला खरं म्हणण्याऐवजी ती म्हणाली, “सरकारी कामात असं बोलावं लागतं.”

“बरं बाई. दिपीच्या बापाचं काम हाय, बोलते खोटं. देव माफ करंल.” तुळसानं पुन्हा पातेल्याला राख लावली. “आन् पाव्हणं याच्या आत मी कडब्याच्या गंजीमागं जाऊन बसते. तोंड न्हाय दाखवत, तू काळजी करू नगंस.”

मनिषा आत आली आणि चुलीपुढं नुसतीच बसून राहिली. आपण त्या बाईला खरं बोलायला सांगितलं आणि तेही खोटं म्हणून, याची तिला अतोनात लाज वाटली.

सकाळ गेली, साहेब काही आला नाही. पाहुणे मात्र वेळेवर आले. हिंदुराव, त्यांच्या पत्नी सिंधुबाई, चार भावकीतली माणसं. बैठक बसली. सिंधुबाईंनी हळदकुंकू, नारळ आणि सुपारीचं ताट पुढं घेतलं. दिपाली पदर सावरून पाटावर बसणार, तोच दारात जीप थांबली.

“तुळसाबाईंचं घरकुल हेच ना?” साहेब उंबऱ्यातूनच म्हणाले. “नेहमीची पाहणी आहे, फार वेळ घेत नाही. बाईंना बोलवा.”

हिंदुरावांनी मान वळवली. “तुळसाबाई कोण?”

“भन हाय माझी,” मानसिंग गडबडीनं उठला. “सायेब, जरा भाईर या, बोलू आपण.”

“बोलायचं बाईंशीच आहे.”

दिपाली पळत मागं गेली आणि आत्याला हाताला धरून घेऊन आली. तुळसा डोक्यावरून पदर ओढून पडवीतच उभी राहिली. पदराला कडब्याची पात चिकटली होती. तिचं मोकळं कपाळ दिसताच सिंधुबाईंनी पुढ्यातलं ताट आपल्या पदराखाली झाकून घेतलं. मनिषानं ते पाहिलं. आजवर तिनंही अशीच ताटं झाकली होती.

“बाई, हे घर कुणाचं?” साहेबांनी विचारलं.

तुळसानं भावाकडं पाहिलं. मग पाहुण्यांकडं पाहिलं, आणि शेवटी नव्या साडीतल्या दिपालीकडं पाहिलं. पोरीच्या बापाला साधं घर नाही असं पाहुण्यांना वाटलं तर? पढवलेलं सगळं तिनं सोडून दिलं.

“घर माझ्या भावाचं हाय, सायेब. त्येनं कष्टानं बांधलं. मी निराधार बाई, त्येच्या वळचणीला ऱ्हाते.” आणि पाहुण्यांकडं हात जोडून म्हणाली, “पाव्हणं, तुमी मनात काय बी आणू नगा.”

“बाई, असं सांगितलंत तर मला तसंच लिहावं लागेल,” साहेब म्हणाले. “घर लाभार्थीच्या ताब्यात नाही. घर रद्द होईल, कळतंय का?”

“सायेब, तिचं काय ऐकताय?” मानसिंग हसण्याचा प्रयत्न करत पुढं झाला. “दादला गेल्यापास्नं डोस्कं फिरलंय तिचं. येडी हाय ती.”

तुळसाचा चेहरा पडला, पण क्षणभरच. मग तिनं भावाच्या बोलण्याला मान डोलावली. “व्हय सायेब. येडीच हाय मी.”

“न्हाय!”

आपणच ओरडलो हे मनिषाला जरा उशिरा कळलं. हातातली शिऱ्याची ताटली तिनं खाली ठेवली. “येड्या न्हायत त्या. सायेब, घर त्येंचंच हाय. जागा बी त्येंच्याच नावावर हाय. पगाराचा कागद म्हणून सांगून आमी त्येंचा अंगठा घेतला, आन् आजवर त्येंना कळू दिलं न्हाय. त्या आमच्यात ऱ्हात न्हायत. आमी त्येंच्यात ऱ्हातो.”

“मनिषा!” मानसिंग कडाडला.

“वरडा. आज वरडा तुमी. पर त्येंना येडी म्हणलात, ते मला ऐकवलं न्हाय.”

साहेबांनी पडवीतली वळकटी पाहिली, शेळीचा खुंटा पाहिला. “घर रद्द करत नाही,” ते शेवटी म्हणाले. “पण या बाई आत राहिल्या पाहिजेत. मी परत येईन, आणि सांगून येणार नाही.” चहा न घेताच ते जीपमध्ये बसले.

हिंदुराव दाढीवरून हात फिरवत होते. माणूस वाईट नव्हता. “घर कुणाचं का असंना, आमाला पोरगी पसंत हाय,” ते म्हणाले. मनिषाच्या जिवात जीव आला. पण सिंधुबाईंनी ताटावरचा पदर काढला नाही. “ते खरं,” त्या म्हणाल्या, “पर शुभकार्याला ह्या अशा म्होरं नकोत. त्येंना जरा मागं जाऊ द्या, मंग फोडू सुपारी.”

तुळसा लगेच वळलीसुद्धा. मनिषानं तिचा दंड धरला. एवढी एक गोष्ट होऊ दिली असती तर लेकीचं कल्याण होत होतं. रोज तर होऊच देत होती! तिनं दिपालीकडं पाहिलं, पोरीचे डोळे भरले होते. काय करावं? क्षणभर तिची पकड सैल झाली, हे कबूल केलं पाहिजे. मग तिनं पुन्हा घट्ट धरलं.

“त्या मागं जायच्या न्हाईत,” ती म्हणाली. “घर त्येंचं, भाची त्येंची. सुपारी फोडायची तर त्येंच्यासमूर फोडा.”

“मंग इचार करून कळवतो,” सिंधुबाई उठल्या. विचार करून कळवणारे कधी कळवत नाहीत, हे मुलीच्या आईला सांगायला नको. शिरा तसाच राहिला. दिपाली आत जाऊन ढसाढसा रडली. “सोन्यासारखं स्थळ घालीवलंस, आता बस टाळ्या पिटत,” असं म्हणून मानसिंग चपला घालून निघून गेला.

खरं बोललं की मन हलकं होतं म्हणतात. मनिषाचं झालं नाही. उलट नवीच टोचणी लागली. आपण वन्संसाठी बोललो, की घर हातचं जाईल म्हणून बोललो? पोटात शिरून खरं काय ते कोण सांगणार? जे करता येण्यासारखं होतं ते करायला ती उठली. पडवीत जाऊन तिनं तुळसाची वळकटी उचलली. घोंगडीला शेळीचा वास येत होता.

“चला वन्सं. आजपास्नं आत निजायचं, देव्हाऱ्याम्होरं.”

तुळसा इतका वेळ खांबाला टेकून बसली होती. ती उठली, वळकटीचं दुसरं टोक तिनं धरलं आणि मनिषाच्या तोंडाकडं बघत राहिली. रागाचा लवलेशही नव्हता. काही तरी समजून घ्यायची तिची धडपड चालली होती.

“घर माझं व्हतं?”

“व्हय, वन्सं.”

“तुला ठावं व्हतं?”

“व्हय.”

“मंग इतकी वर्सं मी भाईर का निजले गं?”

मनिषाकडं उत्तरं नव्हती असं नाही. जागा लहान होती, लोक नावं ठेवतील अशी भीती होती, रीतच तशी होती. पण त्या बाईच्या तोंडाकडं बघून त्यातलं एकही बोलवेना. वाचणाऱ्या आयाबायांनो, बापयांनो, तुमच्याही पडवीत, मागच्या खोलीत अशी एखादी असेल. भली माणसं म्हणून गावात तुमचंही नाव असेल. तिनं उद्या हेच विचारलं तर तुम्ही काय सांगाल?

वळकटीचं टोक हातात धरून तुळसा उभी होती. तिला खरोखरच उत्तर हवं होतं.